गल्लीतला कोंडाळा बंद करायचाय? सुरुवात कुठून करायची ते वाचा

कोपऱ्यावरचा लोखंडी कंटेनर उचलून नेला तरी कचरा त्याच जागी येऊन पडतो. विजेच्या डीपीच्या खाली, पडक्या वाड्याच्या भिंतीला लागून, बंद दुकानाच्या पायरीशी. सकाळी झाडूवाल्या मावशी सगळं भरून नेतात, दुपारी एक पिशवी पडते आणि तिला बघून संध्याकाळपर्यंत दहा पडतात. कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतला असा एक कोंडाळा आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून बंद केला आणि तो बंद राहिलाय. तेव्हापासून इतर गल्ल्यांतली माणसं विचारत येतात, "कुणाकडं गेला होता? अर्जात काय लिहिलं?" प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं.

साफसफाई हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, हे आधीच सांगते. फावडी-घमेली घेऊन मंडळाची पोरं उभी राहिली की दोन तासांत जागा लख्ख होते. फोटो निघतात, स्टेटसला लागतात, आणि चार दिवसांत पहिली पिशवी परत येते. बहुतेक कोंडाळ्यांचं मूळ वेळेत असतं: टिपर, म्हणजे महापालिकेची कचरा न्यायची गाडी, येतो तेव्हा माणूस घरात नसतो. ही गाठ सोडवल्याशिवाय खराट्याला हात लावू नका.

१. आधी आठवडाभर नुसतं बघा

एक वही करा. सकाळी साडेपाच ते साडेसात, टिपर गेल्यानंतरचा तास आणि रात्री दहा ते बारा, या तीन वेळांना कोपऱ्यावर नजर ठेवा. कट्ट्यावर बसणारे आजोबा हे काम आनंदानं करतात, त्यांना फक्त सांगायचा अवकाश. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: किती वाजता पडलं, काय पडलं, आणि टाकणारा चालत आला की गाडीवरून. नावं लिहू नका. वही कधी ना कधी कुणाच्या तरी हातात जाते आणि मग कचरा राहतो बाजूला, भांडण सुरू होतं.

आठवड्यानंतर वहीतून चित्र स्पष्ट दिसतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारी, खोली करून राहणारी मुलं पहाटे निघताना पिशवी गाडीच्या हँडलला अडकवतात आणि न थांबता भिरकावतात. गाडा बंद करणारा चायनीजवाला रात्री साडेअकराला पातेलं रिकामं करतो. सलूनचे केस असतात, चिकनच्या दुकानाची पिसं असतात. कुणाच्या तरी घराचं काम निघालेलं असतं, त्याची खरमाती आणि फुटक्या फरश्या असतात. काहीजण तर दुसऱ्याच कॉलनीतून कामावर जाता जाता टाकून जातात, कारण त्यांच्या दारात कोंडाळा नको असतो.

या प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. शिफ्टच्या पोरांना दंडाची भीती घालून उपयोग नाही, त्यांना कचरा ठेवायला जागा पाहिजे. खरमातीवाल्याला जागा देऊन चालणार नाही, त्याला ठेकेदारासकट गाठायला पाहिजे. म्हणून ही वही.

इथला सापळा: पिशवी उघडली की लाइट बिल नाहीतर कुरिअरचा कागद सापडतो, त्यावर नाव असतं. ते गल्लीच्या ग्रुपवर टाकायचा मोह होतोच. टाकू नका. ज्याचं नाव चारचौघांत निघालं तो "आमचा न्हवंच त्यो" म्हणतो आणि पुढं हट्टानं तिथंच टाकतो. कागद खिशात घालून त्याच्या घरी जा, चहा घ्या, आणि टिपरची वेळ जमत नाही का, एवढंच विचारा.

२. स्वतःच्या घरातलं लावून घ्या

ज्याच्या घरातून ओलं-सुकं एकत्र जातं त्यानं दुसऱ्याला सांगायला जाऊ नये. कोल्हापुरात तर मुळीच नाही, उंबऱ्यातच विचारतील.

घनकचरा व्यवस्थापनाचे नियम २०१६ साली आले, तेव्हापासून कचरा घरातच वेगळा करून देणं ही आपली कायदेशीर जबाबदारी आहे. ओला एका डब्यात, सुका एका पोत्यात, आणि घातक म्हणजे जुने सेल, ट्यूब, औषधं, रंगाचे डबे वेगळे. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल पेनानं मोठी खूण करा. कचरा हातानं निवडणाऱ्या बाईला ती खूण लांबूनच दिसते.

आता प्लास्टिक. त्याचं खरं कोडं हे, की त्यातलं काही भंगारवाला विकत घेतो, काही फुकटही नेत नाही, आणि आपण सगळं एकाच पिशवीत कोंबतो.

पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या, ज्यांच्या तळाला त्रिकोणात १ आकडा असतो, त्या भंगारवाला घेतो. शाम्पूच्या, फिनेलच्या बाटल्या, तेलाचे कॅन, फुटक्या बादल्या (२ किंवा ५ आकडा) म्हणजे कडक प्लास्टिक, तेही चालतं. दुधाच्या पिशव्या ४ नंबरच्या प्लास्टिकच्या असतात. स्वच्छ आणि कोरड्या असतील तर त्यांनाही गिऱ्हाईक मिळतं. घाण, चिकट, आंबट वासाच्या पिशवीला कुणी हात लावत नाही.

दुधाच्या पिशवीचं जरा सविस्तर सांगते, कारण गोकुळ नाहीतर वारणाची पिशवी रोज सकाळी घरोघरी फुटतेच. कात्रीनं कोपरा पूर्ण छाटू नका. अर्धी चीर द्या, म्हणजे तो नखाएवढा तुकडा पिशवीलाच लोंबत राहतो. सुटा झाला की तो ओल्या कचऱ्यात जातो, तिथून खतात, नाहीतर मोरीतून गटारात, आणि मग त्याला वेचणारा कुणी नाही. दूध ओतलं की पिशवीत पेलाभर पाणी घालून हलवा, ते पाणी तुळशीला घाला, पिशवी उलटी करून दोरीला चिमट्यानं लावा. संध्याकाळी कोरडी पिशवी पोत्यात. महिन्याची गड्डी बांधली की भंगारवाला ती बाजूला टाकत नाही.

कुणीच घेत नाही ते म्हणजे वेफर्सची, बिस्किटांची, मसाल्याची आणि गुटख्याची आतून चकचकीत पाकिटं. त्यात प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. ही पाकिटं वेगळ्या पोत्यात दाबून भरा आणि टिपरच्या सुक्या कप्प्यात द्या. आणि जाळू तर अजिबात नका. हिवाळ्यात पहाटे पालापाचोळ्याबरोबर प्लास्टिक पेटवून शेकत बसायची सवय आपल्याकडं अजून आहे. त्या धुरात काय काय असतं हे दम्याच्या पेशंटला विचारा. उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये आणि मोठा ढीग पेटवला तर २५,००० रुपये भरपाई वसूल करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्येच दिलेला आहे.

शेवटचं, पार्सल. तांबडा-पांढरा रस्सा आणि मिसळीचा कट पातळ पिशवीत गाठ मारून देतात. घरी आल्यावर ती पिशवी धुणार कोण? तेलकट रस्सा लागलेली पिशवी कायमची कचऱ्यातच जाते. गाडीच्या डिकीत एक कडीचा स्टीलचा डबा कायम ठेवा. हॉटेलवाला पहिल्यांदा चमकतो, दुसऱ्यांदा स्वतःच म्हणतो, "डबा द्या वहिनी."

३. ओल्या कचऱ्याची सोय

तळाला आणि बाजूनं भोकं पाडलेल्या दोन जुन्या बादल्या पुरतात. तळाला नारळाच्या शेंड्या, वर मूठभर शेणखत. रोजचा ओला कचरा बारीक करून टाकायचा आणि त्यावर तेवढाच, जमलं तर दुप्पट, वाळका पालापाचोळा. आपल्याकडं उसाचं पाचट फुकट मिळतं, ते तोडून घातलं तर फार छान. आठवड्यातून एकदा चमचाभर गूळ ताकात कालवून शिंपडा आणि काठीनं ढवळा. पहिली बादली भरली की झाकून ठेवा, दुसरी सुरू करा. दोन-अडीच महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत होतं. आंबूस वास आला तर पाणी जास्त झालंय, पाचट वाढवा. मुंग्या झाल्या तर कोरडं पडलंय.

मटणाची हाडं मात्र यात घालू नका. रविवारी दुपारी कोल्हापुरात काय शिजतं ते सांगायला नको, आणि रविवारी रात्री कोंडाळ्यावर कुत्री का जमतात तेही नको. हाडं डब्यात बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा, सोमवारी सकाळी टिपरला ओल्यात द्या. घरात आधी नाकं मुरडतात, मग सवय होते.

४. मुकादमांना भेटा, तेही साहेबांच्या आधी

महापालिकेची चार विभागीय कार्यालयं आहेत: गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. तुमची गल्ली कुठल्या कार्यालयाखाली येते ते घरफाळ्याच्या पावतीवरून काढा किंवा तिथं जाऊन विचारा. भागाचा आरोग्य निरीक्षक कोण, तेही तिथंच कळतं. पण पहिली भेट सफाई कामगारांच्या मुकादमांची घ्या. ते सकाळी हजेरीच्या वेळी तुमच्याच भागात उभे असतात आणि टिपर कुठून वळतो, ड्रायव्हर कुठं घाई करतो, कुठल्या बोळात गाडी शिरत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

मागणी एकच करा: टिपरची वेळ ठरवून द्या आणि थांबायची जागा ठरवून द्या. "कचरा उठाव होत नाही" अशी मोघम तक्रार घेऊन गेलात तर "होतोय की" असं मोघम उत्तर मिळतं. त्याऐवजी वही उघडा. "टिपर सव्वानऊला येतो, आमच्यातली पंधरा घरं आठला कुलूप लावतात, साडेसातला आला तर कोपऱ्यावर काही पडणार नाही" असं म्हणालात की बोलणं पुढं सरकतं. वेळ बदलत नसेल तर दुसरा मार्ग: ज्यांचं घर सकाळी उघडं असतं अशा एका-दोघांच्या दारात झाकणाचे दोन ड्रम, पहाटे निघणाऱ्यांनी पिशवी त्यात ठेवायची, टिपर आला की त्या घरानं ड्रम पुढं करायचा. आमच्याकडं एका आक्कांनी हे अंगावर घेतलं आणि निम्मा कोंडाळा तिथंच संपला. ड्रमवर झाकण मात्र घट्ट हवं आणि ड्रम रात्री आत.

लेखी अर्जही द्याच, कारण अधिकारी बदलतात आणि तोंडी ठरलेलं त्यांच्याबरोबर जातं. अर्जात जागेची खूण (डीपीचा नंबर, जवळचं देऊळ किंवा दुकान), कचरा पडण्याच्या वेळा, टिपरची आत्ताची वेळ, आणि तुमच्या मागण्या एक-दोन-तीन अशा. एक पानाच्या वर जाऊ नका. बरोबर हे न्या:

अर्जाच्या दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन पोच म्हणून परत आणायची
तारीख आणि वेळ दिसणारे तीन-चार फोटो, वेगवेगळ्या दिवसांचे
रहिवाशांच्या सह्या, नाव आणि घर नंबरासकट
अर्जदाराच्या घरफाळ्याच्या पावतीची झेरॉक्स

भाडेकरूंच्या सह्या आवर्जून घ्या. कचरा टाकणारे म्हणून त्यांच्याकडं बोट दाखवलं जातं आणि बैठकीला मात्र कुणी बोलवत नाही.

५. साफसफाईचा दिवस

रविवार सकाळ चांगली. त्याआधी आरोग्य निरीक्षकांकडून गाडी येणार असल्याचं पक्कं करून घ्या. गाडी आली नाही तर भरलेली पोती तिथंच राहतात आणि नवा कोंडाळा तयार होतो.

सामान: दाताळं, फावडी, घमेली, बुट्ट्या, खराटे, खताची रिकामी पोती, जाड रबरी हातमोजे, मास्क, गमबूट, ब्लीचिंग पावडर, पाण्याचा पाइप, प्रथमोपचाराची पेटी. कापडी हातमोजे घेऊ नका, त्यातून काच आणि सुई आरपार जाते. चप्पल घालून आलेल्या मुलाला ढिगाऱ्यावर चढू देऊ नका, त्याला पाणी वाटायचं काम द्या.

ढीग वरून उपसा, तळातून ओढू नका. बाटल्या, पुठ्ठा आणि कडक प्लास्टिक आधी बाजूला काढा. त्या भागात कचरा वेचणाऱ्या महिला येत असतील तर त्यांना आधीच कळवा, तो माल त्यांचा आहे. कोल्हापुरात अवनि आणि एकटी या संस्थांनी कचरावेचक महिलांबरोबर काम केलेलं आहे. मोठी मोहीम असेल तर अशा संस्थांशी बोलून घ्या. खरमाती वेगळी भरा, घरगुती कचऱ्याच्या गाडीत ती घेत नाहीत. सुया किंवा औषधाच्या बाटल्या सापडल्या तर हात न लावता आरोग्य निरीक्षकांना दाखवा.

६. नंतरचे पंधरा दिवस

खरी कसोटी इथं. जागा मोकळी झाली त्याच संध्याकाळी तिथं काहीतरी झालं पाहिजे. झाडाची कुंडी, बसायला बाक, रांगोळी, भिंतीला पांढरा रंग. आणि सगळ्यात महत्त्वाचा दिवा, कारण निम्मा कचरा अंधारात पडतो. रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर त्याचा वेगळा अर्ज करा.

भिंतीवर देवांच्या टाइल्स लावायची पद्धत सगळीकडं आहे. मला ती पटत नाही. कचरा चार पावलं पुढं सरकतो, आणि पावसाळ्यात त्या टाइल्सवर चिखल उडाला की देवाचीच आबाळ.

पाटी लावायची तर "कचरा टाकू नये" लिहू नका, ते कुणी वाचत नाही. "टिपर रोज ७.३० वाजता इथं थांबतो. वेळ चुकली तर पिवळ्या दारातला ड्रम" असं लिहा. जिथं टाकायचं ती जागा सांगणारी पाटीच कामाची.

या दिवसांत पडलेली पहिली पिशवी तासाभरात उचलली गेली पाहिजे. ती रात्रभर राहिली तर सकाळी तिला सोबत मिळते. तालमीतल्या किंवा मंडळाच्या पोरांत पाळ्या लावा, रात्री अकरा आणि पहाटे सहा. टाकणारा दिसला तर "भावा, टिपर साडेसातला येतोय, नाहीतर ड्रम तिकडं आहे" एवढंच बोलायचं. व्हिडिओ काढायचा नाही, गाडीचा नंबर ओरडायचा नाही.

७. दुकानं, गाडे आणि जेवणावळी

दुकानदाराशी बोलताना कायदा माहीत असू द्या. राज्याच्या २०१८ च्या अधिसूचनेनं प्लास्टिकच्या कॅरीबॅग, हँडलच्या असोत की बिनहँडलच्या, बंद केल्या. दंड पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. केंद्रानं १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे चमचे, ग्लास, ताटल्या, स्ट्रॉ, मिठाईच्या बॉक्सवरची फिल्म, सजावटीचा थर्माकोल वगैरे बंद केलं, आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगा. "ही चालते, विरघळते" असं कुणी म्हणालं तर पिशवीवर काय छापलंय ते बघा. उत्पादकाचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक नसेल तर ती साधी प्लास्टिकचीच पिशवी.

पण गाड्यावाल्याला दंड सांगून सुरुवात करू नका. त्याला रात्री साडेअकराला कचरा कुठं टाकायचा याचं उत्तर द्या. दोन झाकणाचे डबे त्यानं स्वतःच्या गाड्याखाली ठेवावेत आणि सकाळी टिपरला द्यावेत, हे बहुतेकांना पटतं. चिकन-मटणाच्या दुकानांचा कचरा घरगुती टिपरमध्ये घालायचा नसतो, त्यांच्या उठावाची वेगळी सोय आरोग्य निरीक्षकांकडून समजून घ्या.

परवाना नसलेल्या जागी शंभराच्या वर माणसं जमणारा कार्यक्रम असेल तर कामाचे तीन दिवस आधी महापालिकेला कळवायचं आणि कचरा जागेवरच वेगळा करून द्यायचा, असा नियम २०१६ मध्ये आला. दारात मांडव घालून केलेलं बारसं, वास्तुशांत, मंडळाचा महाप्रसाद, सगळं यात येतं. स्टीलची ताटं भाड्यानं मिळतात. पळसाच्या पत्रावळी घेतल्या तर तळाला चिकटवलेला चकचकीत प्लास्टिकचा कागद नाही ना, नखानं खरवडून बघा. तो असेल तर त्या पत्रावळीचं खत होत नाही.

८. पावसाच्या आधी

मे महिन्यात गल्लीतल्या गटाराच्या जाळ्या उघडून घ्या. शहराचं सांडपाणी आणि त्याबरोबर वाहणारं प्लास्टिक जयंती नाल्यातून पंचगंगेकडं जातं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर नदीकाठच्या झाडांच्या फांद्यांना अडकलेल्या पिशव्या ज्यांनी पाहिल्या त्यांना जाळी साफ का ठेवायची ते वेगळं सांगावं लागत नाही. जाळीतला गाळ काढून कडेला ठेवू नका, पहिल्या सरीत तो परत आत जातो. उठावासाठी गाडी आधी, उपसा नंतर.

गणपतीत निर्माल्याची पिशवी कुंडात टाकायची नाही. पिशवी उघडून फुलं निर्माल्य कलशात, पिशवी परत घरी.

९. काहीच हललं नाही तर

अर्जाला पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर पोचेची प्रत जोडून स्मरणपत्र द्या. त्याच दिवशी केंद्र सरकारच्या स्वच्छता अॅपवर फोटोसह तक्रार टाका, म्हणजे तारखेची नोंद राहते. नगरसेवकांना प्रत द्या. तरीही काही नाही, तर माहितीचा अधिकार.

साध्या कागदावरचा अर्ज चालतो, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शब्द १५० च्या आत. "कचरा का उचलत नाही?" असं विचारू नका, "का"चं उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. कागद मागा: आमच्या भागातल्या टिपरच्या फेऱ्यांचं वेळापत्रक, गेल्या तीन महिन्यांच्या फेऱ्यांच्या नोंदवहीची प्रत, आमच्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची प्रत. उत्तराची मुदत ३० दिवस, ते आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. वेळापत्रक हातात पडलं की ते तुमच्या वहीशेजारी ठेवा, जिथं दोन्ही वेळा जुळत नाहीत त्या ओळींवर खूण करा आणि तो कागद घेऊन पुन्हा मुकादमांना भेटा.